नरक्याचे झाड आणि परवानगीचा कागद

(मेढा येथे महाविद्यालयीन विद्यार्थी, प्राध्यापक आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. मराठी आणि इतिहास हे विषय घेऊन पदवीधर झालो आणि त्यानंतरचे आयुष्य बातमीदारीत गेले. त्यामुळे वैज्ञानिक संशोधनासाठी लागणाऱ्या परवान्यांसारख्या रुक्ष विषयावर मी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटत असेल. मलाही वाटते. परंतु हा विषय माझ्या घरातच येऊन बसला आणि उठायला तयार होईना.

माझी पुतणी वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. करते. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर आणि उतारांवर पावसाळ्यात कंदीलपुष्पे येतात, त्यांच्यावर तिचे काम आहे. कंदिलासारखे हे फूल दिसायला नाजूक असले तरी आत शिरलेल्या माशीला परागीभवन होईपर्यंत कोंडून ठेवण्याइतके धूर्त असते. त्यातील काही जाती जगात केवळ आपल्याच डोंगरांत आढळतात. तिला अभयारण्याच्या हद्दीत जाऊन पाहणी करायची होती आणि थोडी पाने प्रयोगशाळेत न्यायची होती. तिने एप्रिलमध्ये अर्ज केला. जूनमध्ये उत्तर आले, की मार्गदर्शकांचे पत्र मूळ प्रतीत जोडलेले नाही. ते जोडले. ऑगस्टमध्ये विचारणा झाली, की नकाशावर नेमकी ठिकाणे दाखवा. तीही दाखवली. परवानगी हाती आली डिसेंबरात, आणि तिची मुदत होती ३१ मार्चपर्यंत! कंदीलपुष्प फुलते ऑगस्ट-सप्टेंबरात. मुलगी मला म्हणाली, "काका, फुलाला आर्थिक वर्ष कसं समजावून सांगू?"

तिचे एक वर्ष गेले. घरात संताप होता आणि माझ्याजवळ लेखणी होती. सरकारी दिरंगाईवर एक जळजळीत लेख लिहायला मी बसलोही. पहिला परिच्छेद झाला, आणि मग एक जुनी गोष्ट आठवली. ती आज येथे मेढ्यात सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण ती याच तालुक्यात घडली.

१९९४ च्या सुमाराची गोष्ट. मी नवखा वार्ताहर होतो. एक परदेशी पाहुणा आपल्या भागात आला होता. वनस्पतींचा अभ्यासक असल्याचे सांगत असे. त्याला इंग्रजी बोलणारा सोबती हवा होता आणि मला बातमी हवी होती. बामणोलीच्या बाजूच्या रानात आम्ही दोन दिवस फिरलो. एका वाडीतला म्हातारा वाट दाखवायला होता. पाहुणा झाड दाखवी, म्हातारा नाव सांगे, उपयोग सांगे. कोणत्या मुळीने ताप उतरतो, कोणत्या पाल्याने जनावराची जखम भरते. मी ते इंग्रजीत सांगे आणि पाहुणा वहीत टिपून घेई. निघताना त्याच्याजवळ बियांच्या, सालींच्या आणि वाळवलेल्या पानांच्या दोन पिशव्या होत्या. म्हाताऱ्याला त्याने शंभराची नोट दिली. मी वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी दिली, की सातासमुद्रापलीकडच्या विद्वानाला आपल्या रानाची भुरळ पडली. त्या पिशव्या कोठे गेल्या, त्या वहीचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. तेव्हा विचारायला लावणारा कायदाच नव्हता. तो माणूस सज्जनही असेल, मला ठाऊक नाही. म्हाताऱ्याचे नावही मी बातमीत दिले नव्हते.

त्या दोन दिवसांत म्हाताऱ्याने एका झाडाजवळ उभे राहून नाक मुरडले होते आणि म्हटले होते, "ह्यो नरक्या." फुलांना दुर्गंधी म्हणून नाव नरक्या. आता या नरक्याची कथा ऐका. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघा संशोधकांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखण्याचा गुण त्यात आढळला. यातले वाणी हे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हेच द्रव्य आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्यातही आहे. १९९६ साली या द्रव्यापासून तयार केलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जगभरच्या रुग्णालयांत ती वापरली जातात. त्यांनी असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढवले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे.

मात्र इकडे आपल्या घाटात काय झाले? ज्या झाडाला कोणी जळणालाही फारसे विचारत नव्हते, त्याच्या मागे दलाल लागले. रातोरात खोडे तुटू लागली, चिपा करून पोत्यांत भरल्या जाऊ लागल्या, ट्रक घाट उतरू लागले. तोडणाऱ्या हाताला दिवसाची मजुरी मिळाली आणि झाड मुळासकट गेले. नरक्या आता संकटग्रस्त वनस्पतींत गणला जातो. एका विद्यार्थिनीला चार पाने नेण्यासाठी आठ महिने लागतात आणि चोराला ट्रक भरायला एक रात्र पुरते, हे दुखणे खरे आहे. पण त्या ट्रकच्या आधी एक वही आणि दोन पिशव्या असतात, हेही तितकेच खरे. लेखाचा तो पहिला परिच्छेद मी फाडून टाकला आणि कायदा वाचायला घेतला.

परवानगी ही कल्पना आपल्याला इंग्रजांनी शिकवली, असा एक गैरसमज आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यात आरमारासाठी लाकूड कसे आणावे, यासंबंधीचे कलम मुद्दाम काढून वाचावे. रानातले सागवान हवे असेल तर हुजुरास लिहून, हुजुराच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तरी ते धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. म्हणजे परवानग्या दोन: एक राज्याची आणि दुसरी ज्याने झाड जपले त्याची. आजच्या कायद्याच्या शेकडो पानांचे सार अमात्यांनी काही ओळींत सांगून ठेवले आहे, आणि तेही ज्यांना गलबते बांधायची घाई होती अशा काळात!

हळदीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. पण सांगली शेजारी असताना ती टाळता येत नाही. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवणाऱ्या या मुलखात जखमेवर हळद दाबायला कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. संशोधक कोण? भारतीय वंशाचेच दोघे. तेव्हा 'गोरा चोर आणि काळा साव' अशी सोपी विभागणी करू नये. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने या पेटंटला आव्हान दिले. पण आजीबाईची साक्ष तिकडे चालत नाही, छापील पुरावा लागतो. म्हणून संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले उतारे, १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे सारे गोळा करून पाठवावे लागले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपण लढाई जिंकलो. पण मला त्यातला एक बारकावा अस्वस्थ करतो. हळद ग्रंथात होती म्हणून वाचली. बामणोलीच्या म्हाताऱ्याने सांगितलेली मुळी कोणत्या ग्रंथात आहे?

१९९२ ची रिओ परिषद, तिच्यातून आलेला जैवविविधता करार आणि त्याला अनुसरून आपल्या संसदेने केलेला २००२ चा जैविक विविधता कायदा ही सारी परंपरा याच अस्वस्थतेतून निर्माण झाली. चेन्नईत राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण स्थापन झाले, २०१२ मध्ये नागपुरात आपल्या राज्याचे मंडळ आले, आणि प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती असावी असे ठरले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा लक्ष द्या, कारण या ठिकाणी प्राध्यापकांचीही गल्लत होताना मी पाहिली आहे. भारतीय नागरिकाने निव्वळ अभ्यासासाठी, कोणताही व्यापारी हेतू नसताना संशोधन केले तर या २००२ च्या कायद्याखाली त्याला चेन्नईची परवानगी लागत नाही. परदेशी व्यक्ती वा संस्था असेल, किंवा नमुना परदेशी पाठवायचा असेल, तर लागते; संशोधनावर पेटंट मागणाऱ्या भारतीयालाही २०२४ पर्यंत ती लागत असे. परदेशी विद्यापीठाशी सहकार्याचा प्रकल्प शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर झालेला असेल तर सूट आहे; पण 'आमची आणि त्यांची जुनी ओळख आहे' एवढ्यावर सूट मिळत नाही. टपालाच्या पाकिटात वाळलेले पान घालून मित्राला पाठवणे हा साधा स्नेह वाटतो. कायद्याच्या दृष्टीने तो जैविक संपत्तीचा हस्तांतर ठरू शकतो.

मग माझ्या पुतणीला परवानगी कशाची लागली? ती वेगळ्या कायद्याची, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची. अभयारण्यात शिरायचे तर संशोधकालाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना हवा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून गौरवले, त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यांपैकी दोन तर आपल्या मेढ्याच्या उंबरठ्याशी. गौरव झाला की पहारा वाढतो. मेढ्यातून कोठल्याही दिशेने डोंगर चढा, तुम्ही कोणत्या ना कोणत्या नियमाच्या हद्दीत शिरता. जावळीचे रान एके काळी इतके निबिड होते, की आत शिरलेल्या फौजेला वाट सापडत नसे. आता झाडी विरळ झाली आणि तिची जागा अर्जांनी घेतली, असे कोणी म्हणाले तर मी त्याला रागावणार नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेची नैतिक समिती, माणसांवरील चाचण्यांसाठी २०१९ चे औषध चाचणी नियम, जनुक बदललेल्या पिकांसाठी आणखी वेगळी समिती, ही यादी लांब आहे आणि मी ती येथे वाचून दाखवणार नाही.

नियम मोडला तर काय होते? २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात दोन चेक कीटकशास्त्रज्ञ परवान्याविना कीटक गोळा करताना पकडले गेले. त्यांच्यावर खटला चालला आणि दोघेही दोषी ठरले. एकाला दंड आणि दुसऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. जगभरच्या वैज्ञानिकांनी गहजब केला, की किड्यांसाठी कोणी विद्वानाला तुरुंगात टाकते काय. आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण उद्यानाच्या दारावरचा नियम विद्वानालाही वाचता येतोच.

आपल्या घरचीही उदाहरणे पाहिली पाहिजेत. बीटी वांग्याच्या प्रकरणात कर्नाटकातील वांग्याची स्थानिक वाणे आवश्यक मान्यता न घेता वापरली, असा आरोप २०१० मध्ये झाला. आरोपाच्या घेऱ्यात आपल्या जालन्याची महिको कंपनी आली आणि धारवाडचे कृषी विद्यापीठही आले. विद्यापीठाने मान्यता घ्यायची असते, हे विद्यापीठातल्या कितीजणांच्या गावी होते, हा खरा प्रश्न. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निकाल दिला, की वनौषधींपासून माल बनवणाऱ्या भारतीय कंपनीलाही लाभातला न्याय्य वाटा द्यावा लागेल. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निकाल पचायला थोडा जड गेला. परंतु अमात्यांच्या आज्ञेत धन्याला मोल देताना तोडणारा आपल्याच आरमाराचा होता, हे विसरून चालणार नाही.

२०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. पूर्वीची तुरुंगवासाची तरतूद गेली. आता एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. आयुषचे वैद्य आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणारे यांना सवलत मिळाली. संशोधकाच्या मानेवरची तुरुंगाची तलवार दूर झाली, हे चांगलेच झाले. पण 'ग्रंथबद्ध' या शब्दापाशी मी पुन्हा अडखळतो. चरक-सुश्रुतांचे ज्ञान ग्रंथबद्ध आहे, ते साऱ्या राष्ट्राचे. धनगराला, कातकऱ्याला, वाडीतल्या सुईणीला जे ठाऊक आहे ते ग्रंथात नाही. उद्या कोणी ते उचलून एखाद्या जुन्या श्लोकाला चिकटवले, तर त्या माणसाच्या वाट्याला काय येणार? यावर आपल्याच मंडळींनी मोकळेपणाने बोलले पाहिजे. वनवासी बांधवांसाठी झटणारे कार्यकर्ते आपल्यात थोडे नाहीत.

केरळात एक प्रयोग झाला होता. अगस्त्यमलैच्या डोंगरातले काणी लोक 'आरोग्यपच्चा' नावाची वनस्पती थकवा घालवायला खात. १९८७ मध्ये शास्त्रज्ञांच्या ते ध्यानात आले आणि तिरुवनंतपुरमजवळच्या उद्यान-संस्थेने त्यातून 'जीवनी' हे औषध तयार केले. परवाना शुल्काचा आणि स्वामित्वधनाचा अर्धा हिस्सा काणी लोकांच्या न्यासाला देण्याचे ठरले. पुढे हा प्रयोग पुष्कळ अडखळला. खुद्द वनखात्याचाच वनस्पती गोळा करण्यास आक्षेप आला. पण ज्याने सांगितले त्याचे नाव कागदावर आले, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता पुतणीकडे येतो. दुसऱ्या वर्षी तिने नोव्हेंबरातच अर्ज केला, सगळी ठिकाणे नकाशावर दाखवून, जातींची यादी जोडून, मुदत दोन पावसाळ्यांची मागून. मीही तिच्याबरोबर त्या कार्यालयात गेलो, भांडायच्या तयारीने. तेथील अधिकाऱ्याने शांतपणे एक कपाट उघडून दाखवले. गेल्या काही वर्षांत दिलेल्या परवानग्यांच्या नस्त्या होत्या. तो म्हणाला, "साहेब, यातल्या प्रत्येकानं अहवाल द्यायचं कबूल केलं होतं. किती आले ते मोजा." मी मोजले. बोटे पुरली. जंगलात शिरताना आपण वाकून नमस्कार करतो आणि काम झाले की पाठ फिरवतो. खात्याने मुदतीत उत्तर द्यावे, फुलाचा हंगाम पाहून परवाना द्यावा, हा आपला हक्काचा आग्रह असला पाहिजे. पण विद्यापीठांनीही एक खोली आणि एक जाणता माणूस या कामासाठी द्यायला काय हरकत आहे? विद्यार्थ्याने एकट्याने हेलपाटे घालायचे आणि शोधनिबंधावर मात सगळ्यांची नावे, हा कोणता न्याय?

या वेळी परवाना मे महिन्यात आला. सप्टेंबरात मीही तिच्यासोबत गेलो. वनरक्षकाने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद उलगडून वाचला आणि मग पुढचा दिवसभर तोच आमच्यापुढे चालत होता. पोरीने दोन वर्षे जी जात शोधली होती, ती त्याने एका कड्याच्या कपारीत बोट दाखवून दाखवली. त्याचे नाव तिने वहीत लिहून घेतले. प्रबंधात ते येईल.

परतताना वाटेतल्या एका ग्रामपंचायतीत थांबलो. कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाची लोक-जैवविविधता नोंदवही असावी लागते, डॉ. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेसाठी आयुष्य वेचले. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची अखेरची तारीख घालून दिली, तेव्हा देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. ग्रामसेवकाने कपाटातून वही काढून दिली. आत एका दूरच्या गावाच्या वहीची हुबेहूब नक्कल होती. या डोंगरात कधी न उगवलेली झाडेसुद्धा तीत होती. शेवटी 'स्थानिक जाणकार' असा एक रकाना होता. मी त्या वाडीतल्या म्हाताऱ्याची चौकशी केली. तो जाऊन बारा वर्षे झाली, असे कळले. त्याची सून आहे, तिला पाला-मुळीचे थोडेफार ठाऊक आहे, पण तिला आजवर कोणी विचारलेले नाही.

तो रकाना मी पाहिला तेव्हा कोरा होता. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी पाचसात जण त्या बाजूच्या गावांतून येतात, असे मघाशी प्राध्यापक सांगत होते. त्यांना मला कार्यक्रमानंतर भेटायचे आहे. तत्पूर्वी कोणाचे प्रश्न असतील तर जरूर विचारावेत.